किती भरलं

बाहेर शेहेचाळीस.
अजनीच्या पुलावर डांबर चपलेला चिकटतं,
कावळेसुद्धा गळक्या नळाखाली चोच उघडी टाकून बसतात,
आणि मी दुपारी दोनला गाऊन चढवून काय करते,
तर लेकरांना ऊब देते.

हसू येतं कधी कधी.
अख्खं नागपूर कूलरसमोर आडवं,
आमच्या खोलीत मात्र वॉर्मरचा लाल आकडा
छत्तीस पाच, छत्तीस सहा.
छत्तीसच्या खाली उतरला की माझ्या पोटात गोळा.

ही मधली खोली.
काचेपलीकडे श्वास यंत्रं घेतात,
दाराबाहेर आया, डबे, सासवा, भांडणं.
आमची लेकरं श्वास स्वतःच घेतात,
फक्त मधूनच विसरतात.
मग तळव्याला टिचकी मारायची:
घे ना रे बापा.
आणि तो घेतो, कंटाळून,
शाळेसाठी उठवलेल्या पोरासारखा.

नावं कुणालाच नाहीत अजून.
बेबी ऑफ सुकवारो. बेबी ऑफ नाझनीन.
बेबी ऑफ करुणा, एक आणि दोन.
पट्टी मनगटाला बसत नाही म्हणून घोट्याला,
घोट्यालाही सैल, म्हणून आत कापूस.

सुकवारो सिवनीच्या वाटेवरची. फारसं बोलत नाही.
पहिल्या दिवशी वाटीत दूध काढून आणलं
पदराखाली झाकून,
वाटीचा तळही झाकला नव्हता.
सिस्टर, इतनाच है, म्हणाली,
उसने पैसे अर्धेच परत करायला आल्यासारखी.
मी सिरिंजने टिपून घेतलं. दीड मिली.
त्याला तेवढंच लागत होतं, खरंच,
पण तिला ते पटलं नाही.

नवरा इथलाच, कळमन्यात हमाल.
मिरचीच्या पोत्यांखालून निघतो
तो थेट आमच्या दाराशी.
किती भरलं? विचारतो.
तेराशे दहा.
काल तं तेराशे वीस होतं.
आणि असा बघतो माझ्याकडे,
जसं काट्यावर मीच बोट ठेवलंय.

हात धू, म्हणते. कोपरापर्यंत. पुन्हा.
नखांतली मिरची निघत नाही. नखं काप.
उद्या अंघोळ करून ये.
उद्या येतो. केस ओले, शर्ट घडीचा,
आणि शर्ट काढ म्हटल्यावर लाजतो.
खांद्यांवर पोत्यांचे घट्टे, काळे, चामड्याचे,
खाली छाती मात्र पोरसवदा.
तिच्यावर मी लेकरू ठेवते, बेडकासारखं,
कान ठोक्यावर येईल असं,
वरून पट्टा बांधते.

क्विंटल उचलणारा माणूस
श्वास घ्यायचा थांबतो.
मले भेव लागते, बाई.
वजनच नाई जानवून राह्यलं.
तू घे श्वास, म्हणते मी.
तुझा ऐकून तो घेईल.

तासभर मॉनिटर ओरडला नाही.
हे मी कुठे लिहिलं नाही, त्याला रकाना नसतो.
तापमान छत्तीस आठ. शी एकदा.
दूध बारा मिली, बोंडल्याने, पचलं.

करुणाचं दोन परवा काचेपलीकडे परत गेलं
आणि पहाटे तिथूनही.
चादर बदलली. तासाभरात दुसरं आलं.
करुणा अजून दोन वाट्या आणते.
मी दोन्ही घेते.
एकीवर नंबर लिहिते,
दुसरी हातात तशीच राहते थोडा वेळ.

रात्री नऊला सुटते. हवा अजून भाजलेली.
मानेवाड्याच्या वळणावर बल्ब लावलेला हातठेला.
एक खरबूज उचलते,
आणि दुसरा हात आपोआप जातो
त्याच्या नसलेल्या मानेखाली.
दीड किलो धरा, ताई, म्हणतो पोरगा.
नाही रे. तेराशे साठ.
तो हसतो. मी म्हणते, ठेव.
आकडा थांबेपर्यंत
आम्ही दोघंही काही बोलत नाही.